शनिवारची डाळ, बुधवारची डाळ

तुमचा प्रश्न आधी इतरांसाठी थोडक्यात सांगते. आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून तुम्ही चौघं शनिवारी रात्री कोथरूडहून कोरेगाव पार्कातल्या एका महागड्या, नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये गेलात. टेबल नऊचं होतं, बसायला साडेनऊ झाले. स्टार्टर्स झकास. मग पाऊण तास काहीच नाही. मग दाल मखनी आली ती कोमट, नान चिवट, सुरुवातीला अगदी अगत्यानं बोलणारा कॅप्टन, म्हणजे आपलं टेबल सांभाळणारा मुख्य वेटर, मध्येच गायब, आणि शेवटी ७,३९२ रुपयांचं बिल. त्यात ६४० रुपये सर्व्हिस चार्ज. त्याच आठवड्यात बुधवारी तुमचा मावसभाऊ तिथेच जेवला आणि त्याच्या मते अशी दाल मखनी अख्ख्या पुण्यात नाही. ऑफिसात सहा जणांना विचारलंत, तर तिघं म्हणाले अप्रतिम, दोघं म्हणाले नुसती लूट, आणि एक जण म्हणाला, ‘डिझर्ट चांगलं असतं.’ तुमचं म्हणणं, यात खरं कोण बोलतंय? आणि ते ६४० रुपये द्यायला हवे होते का?

खरं सगळेच बोलतायत. मी २४ वर्षं पुण्यातल्या रेस्टॉरंटांमध्ये काढली आहेत. मॉडेल कॉलनीतल्या हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजातून निघाले, कॅम्पात पाण्याचे ग्लास भरण्यापासून सुरुवात केली, मग होस्टेस, कॅप्टन, फ्लोअर मॅनेजर. आता दुसऱ्यांची नवी रेस्टॉरंटं उभी करून देते. बाहेरून तुम्हाला एक पाटी, एक मेन्यू, एक मालक दिसतो, म्हणून ते एकच रेस्टॉरंट वाटतं. आतून बघितलं तर बुधवारी आठचं रेस्टॉरंट वेगळं आणि शनिवारी साडेनऊचं वेगळं. डाळ एकाच पातेल्यातली असली तरी.

तुमच्या त्या पाऊण तासात आत काय चाललं होतं ते मी न बघताही सांगू शकते, कारण अशा शेकडो शनिवारी मी पासवर उभी होते. पास म्हणजे किचन आणि फ्लोअर (पाहुणे जेवतात तो हॉल) यांच्या मधला स्टीलचा कट्टा. वर पिवळे दिवे, पलीकडे शेफ, अलीकडे आम्ही.

घोळ दिसतो पासवर, पण सुरू होतो रस्त्यावर. ९० खुर्च्यांचं रेस्टॉरंट धरा. वहीत टेबलं छान पसरलेली असतात. काही साडेसातची, काही आठची, साडेआठची, नऊची. साडेसातचं टेबल घेणारा माणूस पुण्यात शनिवारी सापडत नाही, तो भाग सोडून द्या. आठवाले निघतात कोथरूड नाहीतर सिंहगड रोडहून, कर्वे रस्त्यावर अडकतात, बंडगार्डनला अडकतात, मग दारात व्हॅले पार्किंगच्या रांगेत अडकतात आणि पावणेनऊला आत येतात. साडेआठवाले नऊला. नऊवाले बहुतेक कल्याणीनगर नाहीतर तिथल्याच गल्ल्यांमधले, ते बरोबर नऊला हजर. तासाभरात यायची माणसं वीस-पंचवीस मिनिटांत आत. तुम्हाला बसायला साडेनऊ झाले, म्हणजे तुम्ही त्या लाटेच्या शेपटाला होता. शेपटाला असणं सगळ्यात वाईट.

स्टार्टर्स झकास का लागले? कबाब सकाळीच मॅरिनेट होऊन ठेवलेले असतात, तळणीला चार मिनिटं लागतात, आणि बशीत आणखी कुणाची वाट बघायची नसते. झालं की उचललं. शिवाय स्टार्टर्सवर किचनचा जीव असतो, कारण पाहुण्याचं पहिलं मत तिथे बनतं हे शेफला ठाऊक असतं.

मेन कोर्सचं गणित निराळं. तिथे एका टेबलाच्या चार-पाच गोष्टी, चार वेगळ्या माणसांनी केलेल्या, एकाच मिनिटाला पासवर यायला हव्यात. भाजी एकाकडे, ग्रेव्ही दुसऱ्याकडे, बिर्याणी तिसऱ्याकडे आणि नान तंदूरवर. मोठ्या रेस्टॉरंटात दोन तंदूर असतात, एक कबाबांना, एक रोट्यांना. चांगला उस्ताद रोटीच्या तंदूरवर तासाला दीडशेच्या आसपास नग काढतो. मी उभी राहून मोजलेत. पण साडेनऊ ते दहा या अर्ध्या तासात ९० माणसं प्रत्येकी दोन मागतात, म्हणजे १८० नग, जिथे निघू शकतात ७५. त्यात आपली माणसं एकदम मागवत नाहीत. आधी चार बटर नान, मग दोन रोट्या, मग ‘अजून एक पुदिना पराठा, पटकन’.

तंदूरची आणखी एक गंमत आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. भिंतीला सारखी गार, ओली कणीक थापत राहिलं की भिंत थंड व्हायला लागते. भरपूर तापलेल्या तंदूरमध्ये नान दीड मिनिटात फुलतो, कडेला काळे ठिपके, आत मऊ. भिंत उतरली की त्याच नानला तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात त्यातलं पाणी उडून जातं. वरून पांढरा, आतून चिवट. उस्तादाला हे कळतं. त्याला पाच मिनिटं थांबून तंदूर परत चढू द्यायचा असतो. पण पासवरून ओरड चालू असते, ‘सात नंबर का नान कहाँ है?’ आणि तो थापत राहतो. तुमचा नान तसा थापलेला.

आता तुमची डाळ. ती कच्ची नव्हती, शिळी नव्हती, बिघडलेलीही नव्हती. अशा ठिकाणी उडीद आदल्या रात्रीपासून मंद आचेवर असतात आणि सर्व्हिसच्या वेळी डाळ बेन-मारीत, म्हणजे गरम पाण्याच्या हौदात बसवलेल्या भांड्यात, वाट बघत असते. कढल्यात घेऊन लोणी-मलई घालून उकळी आणायची, हंडीत ओतायची, दोन मिनिटांचं काम. तिथेच चूक होते. ग्रेव्हीवाला आपलं काम संपवून हंडी पासवर ठेवून देतो. त्याच्यापुरता टेबल सात संपला. नान यायचाय. ती तांब्याची देखणी पसरट हंडी, वर एसी. मी एकदा वैतागून थर्मामीटर लावला होता. कढल्यातून निघताना पाऊणशे अंशांच्या वर असलेली डाळ पंधरा मिनिटांत पन्नाशीला येते. वर पातळ साय धरते, लोणी कडेला सुटतं. मग नान येतो, मग बशा टेबलापर्यंत नेणारा रनर नसतो, मग रनर येतो आणि तुमच्या बाबांच्या पुढ्यात ती हंडी ठेवली जाते. मावसभावाला मिळालेली डाळ तीच होती. फक्त ती कुणासाठी थांबली नव्हती.

कॅप्टन गायब झाला नव्हता. तो आत तुमच्या नानसाठी भांडत होता. एरवी एका कॅप्टनकडे चार-पाच टेबलं असतात, शनिवारी कुणीतरी दांडी मारतं आणि ती आठ होतात. मदतीला पोरं असतात ती कॉलेजातून ट्रेनिंगला आलेली, चार-पाच महिन्यांची पाहुणी. आणि एक कबूल करते. काही उत्तर हातात नसताना पाहुण्याच्या नजरेला नजर न देता टेबलांमधून झपाझप चालत जायची एक कला असते. ती कुणी शिकवत नाही, पण आम्ही सगळे महिनाभरात शिकतो. तुम्ही हात वर केला होता आणि त्याला दिसला नाही असं तुम्हाला वाटलं असेल. दिसला होता.

मग मालक शनिवारी कमी टेबलं का घेत नाही? कारण भाडं मंगळवारीही तेवढंच असतं. बहुतेक महागड्या ठिकाणी शुक्रवार-शनिवार-रविवार या तीन रात्री आठवडा ओढतात. नऊ वाजता दारात आलेल्या सहा माणसांना ‘जागा नाही’ म्हणायला काळीज लागतं.

माझ्याकडेही ते नव्हतं. डिसेंबरातला एक शनिवार, कॅम्पातलं एक रेस्टॉरंट, मी फ्लोअर मॅनेजर. नऊच्या सुमारास मालकांच्या ओळखीचे १४ जण न सांगता आले आणि मी तीन टेबलं जोडून त्यांना बसवलं. वॉश बेसिनजवळच्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर एक आजी-आजोबा होते. एक टोमॅटो सूप दोघांत, मग एक व्हेज कोल्हापुरी आणि दोन रोट्या. सूप गेलं. पुढचं गेलंच नाही. आजोबांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी ‘पाचच मिनिटं, सर’ म्हणाले, आत न बघता. पंचावन्न मिनिटांनी ते उठले. भांडण नाही, आवाज नाही. आजींनी नॅपकिनची नीट चौकोनी घडी करून ठेवली, सुपाचे पैसे दिले आणि वर ५० रुपये टिप ठेवली. साडेअकराला पास धुताना त्यांची केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, सापडली. १४ जणांच्या लांबलचक केओटीच्या पाठीला ग्रेव्हीनं चिकटली होती. ती कुणी वाचलीच नव्हती.

त्यानंतर मी मालकांशी भांडून एक नियम करून घेतला. दर पंधरा मिनिटांत १६ पेक्षा जास्त माणसं बसवायची नाहीत, राष्ट्रपती आले तरी. पहिले दोन शनिवार गल्ला कमी आला आणि मला रोज ऐकावं लागलं. तिसऱ्या शनिवारपासून टेबलं वेळेवर रिकामी व्हायला लागली, कारण लोक जेवून वेळेवर उठायला लागले, आणि गल्ला होता तिथे आला.

आता तुमच्या मावसभावाकडे वळू. तो त्याच भागात नोकरी करतो आणि महिन्यातून दोनदा तिथे जातो, असं तुम्ही लिहिलंय. मग तो कॅप्टनला नावानिशी ओळखत असणार आणि कॅप्टन त्याला. अशा टेबलाच्या केओटीवर आम्ही खूण करतो किंवा आत जाऊन तोंडी सांगतो, ‘बारा नंबर अपना है, ध्यान रखना.’ त्याची डाळ शेफ स्वतः चाखून सोडतो. हे अन्याय्य आहे का? आहे. मी केलंय का? दर आठवड्याला. म्हणून कुणी एखाद्या ठिकाणाची तारीफ केली की मी आधी विचारते, तुला तिथे ओळखतात का? मग दिवस कोणता, वेळ कोणती, किती जण होता, काय मागवलं. ‘अप्रतिम’ किंवा ‘लूट’ या शब्दांचा मला उपयोग नाही. ‘शुक्रवारी दहाला गेलो, आठ जण होतो, पाऊण तास बसलो’ हे वाक्य सोन्याचं. ऑफिसातल्या त्या सहा जणांना हे विचारून बघा. माझी पैज आहे, ‘लूट’ म्हणणारे दोघंही शनिवार-रविवारी मोठ्या गटानं गेलेले निघतील. आणि ‘डिझर्ट चांगलं असतं’ म्हणणारा सगळ्यात उपयोगी माणूस आहे. डिझर्ट गार, आधी करून ठेवलेलं, कुणाची वाट न बघणारं. ते शनिवारीही चांगलं असतं म्हणजे किचनला स्वयंपाक येतो, वेळ सांभाळता येत नाही.

पण आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलं की सगळं उत्तमच, असंही समजू नका. सोमवारी बऱ्याच ठिकाणी मुख्य शेफची सुट्टी असते आणि रविवारचं उरलेलं मिझ-आं-प्लास, म्हणजे चिरून-वाटून ठेवलेली तयारी, संपवण्यावर भर असतो. गुरुवारचं पुण्याचं आणखी एक आहे. दत्ताचा, साईबाबांचा, स्वामींचा वार म्हणून गुरुवारी सामिष न खाणारी घरं खूप. त्या दिवशी मासे कमी उठतात, आणि मासा तर किनाऱ्यावरून घाट चढून येतो. गुरुवारी पापलेट मागवायचं असेल तर ‘आज आलंय का?’ एवढं विचाराच. श्रावणात तर विचारायलाही नको, सरळ शाकाहारी मागवा, कारण महिनाभर त्याच भाज्यांवर किचनचा हात चालत असतो. उलट गटारीच्या आधीच्या शनिवारी मी स्वतः कुठल्याही चांगल्या रेस्टॉरंटात पाय ठेवत नाही. दिवाळी आणि होळीच्या आसपासही जपून. आपल्याकडच्या किचनमध्ये गढवाल, ओडिशा, बंगाल, नेपाळची मुलं आहेत, ती सणाला गावी जातात आणि तुमचा नान भांडी घासणारा पोऱ्या थापत असू शकतो. थापायला तोही शिकलेला असतो, पण हात तो नव्हे.

बाबा म्हणाले की एवढ्या पैशात वैशालीत महिनाभर डोसे खाल्ले असते. हिशोब सोडा, पण त्यांच्या म्हणण्यात एक व्यावसायिक मुद्दा आहे. बेडेकरांकडे मिसळ खायला गेल्यावर काय मागवायचं हा प्रश्नच पडत नाही. आतही पडत नाही. एकच पदार्थ दिवसभर, त्याच हातांनी, म्हणून कालची आणि आजची मिसळ सारखी. तुम्ही गेलात तिथे मेन्यूवर शंभराच्या वर पदार्थ असतील. उत्तर भारतीय, थाई, इटालियन, वर सुशीचं एक पान. जितकी पानं जास्त, तितकी चवीची खात्री कमी. महाग ठिकाणी जाताना मी मेन्यूची जाडी बघते, सजावट नाही. पैसे जातात कुठे, हेही विचारलंय. साधारणपणे प्लेटमधल्या जिन्नसांवर बिलाच्या एक तृतीयांशाच्या आत खर्च होतो. दाल मखनीसारख्या पदार्थात त्याहून खूपच कमी. बाकी भाडं, पगार, वीज, लायसन्स आणि त्या झुंबराचा हप्ता.

बिल. जेवणाचे ६,४०० रुपये. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज ६४०. झाले ७,०४०. त्यावर पाच टक्के जीएसटी ३५२. एकूण ७,३९२. म्हणजे सर्व्हिस चार्जवरही तुम्ही कर भरलात आणि तो तुम्हाला ६४० ला नव्हे, ६७२ ला पडला.

जीएसटी द्यावाच लागतो. बाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटला पाच टक्के, आणि ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. सरकारशी त्याचा संबंध नाही, नाव तसं वाटतं एवढंच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की रेस्टॉरंटनं तो आपणहून बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावानंही नाही, आणि त्यावर जीएसटी तर नाहीच. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं त्या याचिका फेटाळून दोन संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा दंड ठोठावला. त्यामुळे ‘मेन्यूच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय, सर’ हे उत्तर चालत नाही. ‘हा काढून नवीन बिल द्या’ म्हणायचं. बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांत काढतात, कारण त्यांनाही माहीत असतं. नाही काढला तर बिलाचा फोटो ठेवायचा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची.

पण मग टिप द्या, असं मी आमच्या लोकांतर्फे म्हणते. सर्व्हिस चार्जचा किती भाग पोरांच्या हातात पडतो हे प्रत्येक मालकावर असतं. काही ठिकाणी पै न पै वाटतात, काही ठिकाणी फुटलेले ग्लास आणि क्रोकरी त्यातून भरून काढतात. सकाळी अकरा ते साडेतीन आणि परत साडेसहा ते बारा अशी तुकड्यातली ड्यूटी करणाऱ्या मुलाला, त्यानं नीट वाढलं असेल तर, थेट हातात द्या. नसेल वाढलं तर देऊ नका.

पाण्याच्या चार बाटल्यांचे ४८० लागलेत, त्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मीच सांगते. ‘रेग्युलर ऑर मिनरल?’ हा प्रश्न अशा आवाजात विचारतात की ‘रेग्युलर’ म्हणताना माणसाला आपण गरीब आहोत असं वाटावं. आम्हाला तो आवाज शिकवलेला असतो. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं कायद्यात बसतं. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलंय, कारण तिथे तुम्ही नुसती बाटली विकत घेत नाही, बसून सेवा घेता. उपाय एकच. ‘साधं पाणी’ म्हणायचं, मराठीत, ठणठणीत.

मराठीवरून आठवलं. तुम्ही एक वाक्य ओझरतं लिहिलंय, मला ते सगळ्यात लागलं: आई सबंध वेळ म्हणत होती, ‘असू दे, छान आहे.’ कॅप्टन एकदा येऊन ‘एव्हरीथिंग ऑलराइट?’ विचारून गेला तेव्हा बाबांनीही मान डोलावली. हे मी आयुष्यभर बघत आलेय. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून दोन मिनिटं हुज्जत घालणारी, दुकानदाराला बंद व्हायच्या वेळी पुस्तकातले नियम सांगणारी आपली माणसं, इंग्रजी मेन्यू आणि कापडी नॅपकिन समोर आला की गप्प होतात. मग सगळं बोलणं गाडीत. गाडीतलं बोलणं मला कधी ऐकू आलं नाही. फ्लोअरवर बोललं गेलं ते सगळं मी निस्तरू शकत होते.

कसं बोलायचं, ते सांगते. पहिल्या घासाला. अर्धी हंडी संपल्यावर सांगितलंत तर आत शेफ म्हणतो, ‘खा तो लिया.’ कॅप्टनला हाका मारत बसू नका. एखादा उठा, दाराशी होस्टेस उभी असते तिला सांगा, ‘मॅनेजरना टेबलावर पाठवा.’ मॅनेजर बाई असली तर तिच्या मागे कुणी पुरुष येतोय का ते बघू नका, माझ्या बाबतीत हे इतक्यांदा झालंय की शेवटी मी कार्ड हातातच ठेवायला लागले. मग नेमकं सांगा: डाळ गार आहे, नान चिवट आहे, पाऊण तास झाला. ‘काहीच बरोबर नाही’ असं नाही, त्याला काही करता येत नाही. आणि हे महत्त्वाचं, ‘आधी नान लावा, नान निघताना डाळ गरम करा’ असं क्रमानं सांगा. मॅनेजर चमकतो. समोरच्याला आतलं कळतं हे लक्षात आलं की तुमच्या केओटीवर आपोआप खूण पडते. चांगल्या ठिकाणी डाळ बिलातून काढतील, निदान डिझर्ट पाठवतील. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, म्हणून तिथल्या वहीत टेबल सात हे समाधानी टेबल म्हणून बंद झालंय.

त्यांना हे अजूनही सांगता येईल. संध्याकाळी पाच ते सहाच्या मध्ये फोन करा. त्या वेळी पोरं जेवून नॅपकिनच्या घड्या घालत असतात आणि मॅनेजरला वेळ असतो. तारीख, टेबलाची वेळ, बिल नंबर सांगा. पैसे परत मागू नका, मिळणार नाहीत. सर्व्हिस चार्जचे मात्र मागा. बहुधा ते म्हणतील, परत या, आम्ही बघतो.

जावं का? तुमच्या जागी मी जाईन, कारण स्टार्टर्स आणि डिझर्ट चांगलं असणारं किचन मला आवडतं. पण शनिवारी नाही. मंगळवार किंवा बुधवार, पावणेआठ, चौघंच. मेन कोर्सची ऑर्डर स्टार्टर्सबरोबरच द्या आणि म्हणा, ‘मी सांगेन तेव्हा फायर करा.’ तो शब्द आमचा आहे, म्हणजे ‘करायला घ्या’, पण चालेल. नान एकेक करून मागवा, चार एकदम नको. चौथा खाईपर्यंत तो चिवट होणारच, तंदूर कितीही तापलेला असो. आणि टेबल बुक करताना बाबांसाठी भिंतीकडची खुर्ची मागून घ्या. तुम्ही लिहिलंय की ते सारखी मफलर सावरत होते. म्हणजे टेबल सातच्या वर एसीचा झोत आहे, आणि ती डाळ पासवर गार झाली नसती तरी तिथे झालीच असती.